गिअरबॉक्सचा बोल्ट अडतो तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरातल्या वाडी, कळमना, कामठी रस्ता या भागांत एकाच लहान मालट्रकवर ज्यांचे घर चालते, असे अनेक मालक क्लच प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याचे काम घराच्या अंगणातच करतात. गाडी गॅरेजमध्ये अडकली की भाडे बुडते, त्यामुळे यात गैर काही नाही. मात्र गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या बोल्टांपैकी एखाद्याचे डोके गोल झाले किंवा आटे गेले, की या साध्या दुरुस्तीचे मोठ्या खर्चात आणि प्रसंगी अपघातात रूपांतर होते. त्याविषयी काही अनुभवाच्या गोष्टी आपल्या वृत्तपत्रातून मांडाव्यात, अशी इच्छा आहे.

अलीकडेच माझ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवताना वरच्या बाजूचा, केबिनखाली जेमतेम हात पोहोचतो अशा जागेचा बोल्ट अडला. आधीच्या दुरुस्तीत एका कारागिराने तो एअर गनने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याने) बेसुमार आवळलेला होता, आणि शेजारी बसवलेले दोन बोल्ट मूळ बोल्टांपेक्षा आखूड होते. त्यांच्या डोक्यावर ग्रेडचा, म्हणजे मजबुतीच्या दर्जाचा, आकडाही नव्हता. अडलेला बोल्ट निघाला, पण त्या दोन आखूड बोल्टांसोबत ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमधले (बाहेरच्या कवचातले) आटेच बाहेर आले.

अशा वेळी बाकीचे सगळे बोल्ट काढून टाकून एका बोल्टशी झटापट करण्याची जी सवय आहे, ती मला सर्वांत घातक वाटते. गिअरबॉक्सचे वजन त्या एकाच बोल्टावर तिरके येते, त्यामुळे त्याचे आटे अधिकच जखडतात, आणि तो अचानक सुटला तर खाली झोपलेल्या माणसावर गिअरबॉक्स कोसळू शकतो. म्हणून समोरासमोरचे दोन बोल्ट हाताने पुन्हा बसवावेत, गिअरबॉक्सला जॅकचा आधार द्यावा आणि मगच अडलेल्या बोल्टाकडे वळावे. गाडीखाली घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय तर जाऊच नये. आपल्याकडच्या काळ्या मातीत, विशेषतः पावसानंतर, जॅक हळूहळू रुततो. त्याखाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा हवाच. गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या त्याच्या दांड्यावर) लोंबकळत ठेवला, तर नवी क्लच प्लेटही वाकते.

डोके गोल होऊ लागले की त्याच पान्याला पाइप लावून जोर करण्यात अर्थ नाही. डोक्यावरचा चिखल तारेच्या ब्रशने काढावा, गंज सोडवणारे तेल आट्यांपर्यंत मुरू द्यावे, डोक्यावर हातोडीचे चार-दोन ठोके द्यावेत आणि बारा कोनी सॉकेट बाजूला ठेवून सहा कोनी वापरावे. सतरा मिलिमीटरचे डोके झिजले असेल, तर सोळाचे सहा कोनी सॉकेट ठोकून बसवल्याने बहुतेक वेळा काम होते. बोल्ट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून मग सोडवला, तर गंजाची पकड तुटते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे हाउसिंग गरम केल्याचाही उपयोग होतो; पण डिझेलच्या नळ्या आणि गळणारे गिअर ऑइल शेजारी असताना तिथे उघडी ज्योत नेणे जिवावर बेतू शकते. एवढे करूनही बोल्ट निघाला नाही, तर बॅटरीची वायर काढून, चांगल्या वेल्डरकडून त्याच्या डोक्यावर नट वेल्ड करून घ्यावा.

आटे गेलेल्या भोकात मोठा बोल्ट कोंबणे किंवा आट्यांवर एम-सील लावणे हा इलाज नव्हे. मापाचे ड्रिल आणि टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) मारून त्यात तारेच्या आट्यांची गुंडाळी बसवली, की मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा भक्कम बसतो. माझ्या हाउसिंगची दुरुस्ती अशीच झाली. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट त्याच्या जाडीच्या निदान दीडपट खोल जायला हवा. दहा मिलिमीटरचा बोल्ट सात-आठ मिलिमीटरच आत गेला, तर आज ना उद्या आटे तुटणारच.

म्हणून विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. इतवारीच्या लोहाओळीत हवा तो बोल्ट मिळतो, ही नागपूरकरांची मोठी सोय आहे. परंतु किलोवर विकले जाणारे बिनखुणेचे बोल्ट आणि ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे बोल्ट एकाच डब्यात असू नयेत. ८.८ च्या बोल्टाची ताणशक्ती, म्हणजे तुटण्यापूर्वी ताण सोसण्याची क्षमता, ८०० मेगापास्कल आणि १०.९ ची १००० असते. आयएस १३६७ या भारतीय मानकात हे ग्रेड दिलेले आहेत, आणि डोक्यावरचा आकडा ही ग्राहकाच्या हाती असलेली एकमेव खात्री आहे. ग्राहकानेही जुना बोल्ट सोबत नेऊन लांबी, आट्यांचा पिच (दोन आट्यांमधले अंतर) आणि आकडा जुळवून घ्यावा.

आवळण्याचा प्रश्न उरतोच. पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के जोर घर्षणातच खर्च होतो आणि बोल्टाला ताण देण्यासाठी जेमतेम दहावा भाग उरतो. म्हणून आट्यांना तेल लागून घर्षण कमी झाले की नुसत्या हाताचा अंदाज पूर्ण फसतो. किती जोराने आवळले ते दाखवणारा टॉर्क पाना मात्र प्रत्येक लहान मालकाला परवडत नाही. शहरातील वाहतूकदारांच्या संघटनांनी असे दोन-तीन पाने घेऊन सभासदांना दिवसाच्या भाड्याने द्यावेत, आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने रविवारी, मालकांना व चालकांना सोयीच्या वेळी, अडलेले बोल्ट काढणे आणि आटे दुरुस्त करणे यांचे छोटे वर्ग सुरू करावेत. पावसाळ्याआधी, गाड्या दुरुस्तीला निघतात त्या दिवसांत हे झाले, तर त्याचा सर्वाधिक उपयोग होईल.

आपला नम्र,
एक मालट्रकमालक, वाडी, नागपूर