यादीत आधी बादली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मृण्मयी, तू आणि तान्हं पिल्लू मिळून घरातला कचरा आणि प्लास्टिक कमी कसं करणार, ती तुझी यादी दोनदा वाचली. अठरा कलमं, आणि त्यातली तेरा विकत आणायची! बांबूचे टूथब्रश, काचेच्या बरण्यांचा संच, 'नैसर्गिक' फरशी-क्लीनर, नवीन कापडी पिशव्या. ती तेरा मी खोडलीत, रागावू नकोस. घरातले प्लास्टिकचे डबे आधीच तयार झालेले आहेत. ते फेकून काचेचे आणलेस तर पहिलं नुकसान भरून येत नाही, वर दुसरं होतं. प्लास्टिकच्या डब्यांत गरम काही भरू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, आणि फुटेपर्यंत वापरा. पिशव्यांचंही तेच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८च्या अभ्यासात सुती पिशवी नुसत्या हवामानाच्या हिशेबाने पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला निदान ५२ वेळा वापरावी लागते असं निघालं. घरात चार पिशव्या असताना पाचवी कशाला?

सुरुवात स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या खतापासून कर. टोपली विकत घेऊ नकोस. रंगाच्या किंवा कसल्याही, २० लिटरच्या दोन झाकणाच्या बादल्या पुरतात. चारी बाजूंनी दर १० सेंटिमीटरवर ८ ते १० मिलिमीटरची भोकं पाड, तळाला पाच-सहा. खाली दोन विटा आणि ताटली ठेव, पाझर ताटलीत पडेल. तळाला ५ ते ८ सेंटिमीटर जाड काड्या आणि फाडलेला पुठ्ठा घाल, म्हणजे भोकं बुजत नाहीत. त्यावर मूठभर जुनं खत किंवा बागेतली माती, विरजणासारखी.

रोजचं प्रमाण पक्कं धर: साली-देठांचा एक वाडगा टाकलास की दोन ते तीन वाडगे सुकं टाकायचं. सुका पालापाचोळा, लाकडाचा भुसा, साधा पुठ्ठा, यातलं जे मिळेल ते. साली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत चिरलेल्या असाव्यात. खत बिघडलं म्हणणाऱ्या घरांत बहुतेक वेळा चुकतं ते हे सुकंच, कारण ओलं रोज आपोआप निघतं आणि सुकं आठवणीने आणून ठेवावं लागतं. म्हणून बादलीआधी सुक्याचं पोतं भरून ठेव. पोतं रिकामं झालं की त्या दिवशी बादलीत काही टाकायचं नाही, हा नियम.

तीन-चार दिवसांनी खालपासून वर ढवळ आणि मूठभर घेऊन दाब. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओलावा बरोबर. धार लागली तर सुकं कमी पडलंय. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर पाणी शिंपड, मुंग्या होतात त्याही याच कोरडेपणामुळे. वासाचंही तसंच आहे. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा पोचत नाही: ढवळ, सुकं घाल, भोकं तपास. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे साली-देठं फार झाली. पांढरी बुरशी दिसली तर ते काम चालू असल्याचं लक्षण आहे, मृण्मयीला सांग घाबरू नको म्हणून. चिलटं झाली तर प्रत्येक वेळी वर बोटभर सुक्याचा थर द्या, उघडी साल दिसताच कामा नये. चपट्या, राखाडी-तपकिरी जाड अळ्या दिसल्या तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. किळस येते खरी, पण त्या कचराच खातात आणि अपाय करत नाहीत. सुकं वाढवलंस की कमी होतात.

मांस, मासे, दूध-लोणी, तेलकट उष्टं, कुत्र्या-मांजराची विष्ठा, पिल्लूचे विकतचे डायपर यातलं काहीही बादलीत नको. अंड्याची टरफलं बारीक चुरूनच टाक, नाहीतर वर्षानेही तशीच सापडतात. फळांवरची स्टिकर काढ. पुष्कळ टी-बॅगांना प्लास्टिकचा धागा नाहीतर शिवण असते, त्या फोडून आतला चोथाच टाक. आणि 'विघटनशील' लिहिलेल्या पिशव्यांवर विसंबू नकोस. मक्यापासून केलेलं ते प्लास्टिक कुजायला कितीतरी दिवस सलग ५८ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. तेवढी ऊब मोठ्या ढिगातच, साधारण एक घनमीटरच्या, टिकते. २० लिटरच्या बादलीतून ऊब बाहेर निघून जाते. म्हणूनच बादलीत तणाचं बी आणि रोगट झाडाची पानंही टाकायची नाहीत, ती तिथे मरत नाहीत.

पहिली बादली भरली की बंद करून सहा ते आठ आठवडे ठेव, मधूनमधून ढवळ, तोवर दुसरी भर. तयार खत गडद तपकिरी असतं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखं वास मारतं. खात्री करायची तर ओलसर मूठभर खत हवाबंद पिशवीत तीन दिवस ठेव. उघडल्यावर आंबट किंवा झोंबरा वास आला तर अजून कच्चं आहे, आणि कच्चं खत मुळांना जाळतं. कुंडीत चौथा हिस्सा खत, बाकी माती. नुसत्या खतात रोप लावू नकोस.

आता लंगोट. याबद्दल तुम्हा दोघांत मतभेद आहेत हे ओळींच्या मधून कळलं. कापडी म्हणजे आपोआप चांगले, असं नाही. ब्रिटनमधल्या एन्व्हायरन्मेंट एजन्सीने २००८ साली अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला होता: विकतच्या डायपरचे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड, आणि सर्वसाधारण पद्धतीने धुतलेल्या कापडी लंगोटांचे ५७०. म्हणजे जवळजवळ सारखेच. पण मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले तर सुमारे २०० किलो वाचतात. ड्रायर आणि इस्त्री वापरली तर उलट वाढतं. तेव्हा फायदा कापडात नाही, धुण्यात आहे.

लहान बाळाला दिवसाला १० ते १२ बदल लागतात. दिवसाआड धुवायचं तर २० ते २४ लंगोट हवेत. नवीन सुती कापड आधी पाच-सहा वेळा धुऊन घ्या, तोवर ते पाणी नीट शोषत नाही. वापरलेले कोरड्याच बादलीत टाका, पाण्यात भिजत ठेवू नका. रबर सैल पडतं हे एक, आणि रांगतं मूल पाण्याच्या बादलीत तोंडावर पडून बुडू शकतं हे दुसरं. दुसऱ्या कारणावर चर्चा नको. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, ती तशीच मशीनमध्ये चालते. वरचं अन्न सुरू झालं की संडासात झटकून मग बादलीत.

आधी नुसत्या गार पाण्याची एक फेरी, मग ६० अंशांवर मुख्य धुणं, पावडर पूर्ण प्रमाणात. ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरलेला असावा. कमी कपड्यांत घासणं होत नाही, कोंबलेल्यात पाणी फिरत नाही. वरचं पाणीरोधक कव्हर मात्र ४० अंशांतच धुवा आणि सावलीत वाळवा. कपडे मऊ करणारं द्रव कधीही नको, धाग्यांवर मेणचट थर बसतो आणि लंगोट गळायला लागतो. पुरळाच्या मलमानेही तेच होतं, मलम लावलं असेल त्या दिवशी आत पातळ कापड ठेवा. सकाळी लंगोटाला डोळ्यांत पाणी आणणारा वास येत असेल तर लोक पावडर कमी करतात. बहुतेकदा नेमकं उलट हवं असतं: पावडर कमी पडलेली असते किंवा पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असतं. म्हणूनच घरी किसलेल्या साबणाची पावडर इथे चालत नाही. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा चिकट साका होतो आणि तो कापडातच राहतो. पिवळे डाग ओल्या लंगोटावर ऊन पडलं की फिके होतात.

रात्री विकतचा एक डायपर लावलात म्हणून कोणी पापी ठरत नाही.

सफाईच्या कलमात तू व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र लिहिलायस. फेस छान येतो. पण तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते पाणी आणि सोडियम अॅसिटेट, जवळपास मिठाचं पाणी. व्हिनेगरच्या आम्लाने सोड्याचं अल्क संपवलं, दोन्ही वाया. बंद बाटलीत मिसळलंस तर बाटली फुटते. तुंबलेल्या मोरीला हे घालण्यापेक्षा खालचा वाकडा पाइप (सापळा) उघडून केस काढ. क्षारांसाठी आम्ल आणि चिकटासाठी अल्क, एवढं डोक्यात ठेव. किटलीतल्या पांढऱ्या थराला एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम सायट्रिक अॅसिड: उकळी आण, बंद कर, अर्धा तास ठेव, ओत, मग साधं पाणी एकदा उकळून फेक. न्हाणीच्या काचेला ५ टक्क्यांचं व्हिनेगर निम्मं पाणी घालून. संगमरवरावर यातलं काहीच नको, दगडाची चकाकी जाते ती परत येत नाही. चुलीमागच्या तेलकट भिंतीला लिटरभर गरम पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, हातमोजे घालून. अॅल्युमिनियमला, लोकरीला आणि रेशमाला तो लावू नको.

ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल पडलं तर क्लोरीन वायू निघतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसं जाळतात. तरी ब्लीचची एक बाटली उंच फळीवर असू दे. घरात उलट्या-जुलाबांची साथ आली तर त्यामागचा नोरोव्हायरस हा विषाणू व्हिनेगरने मरत नाही, त्याला ब्लीचच लागतं. आणि घरी केलेलं कुठलंही द्रावण पिण्याच्या बाटलीत भरू नकोस, बाटलीवर नाव आणि तारीख लिही.

'नैसर्गिक' या शब्दाचं तुला फार कौतुक आहे, म्हणून हे सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, त्यातल्या बीजाणूंनी बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. कपड्यांतला कापूर पिल्लूच्या हाती लागू देऊ नका, थोडासा पोटात गेला तरी झटके येतात. बोरॅक्सही (टाकणखार) घरात नको, युरोपीय महासंघाने ते प्रजननाला अपायकारक म्हणून नोंदवलंय. हे सगळं निसर्गातलंच आहे.

पावडरचं दूध द्यायची वेळ आली तर पाणी ७० अंशांच्या खाली गेलेलं नको, कारण पावडर निर्जंतुक नसते. पण इतकं गरम पाणी पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीत हलवलं की लिटरमागे प्लास्टिकचे लाखो सूक्ष्म कण सुटतात. उपाय सोपा आहे: उकळून घेतलेल्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात मिसळा, कोमट करा, मग बाटलीत भरा.

विजेचं थोडक्यात. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ०.४४ युनिट लागतं. तेवढ्यात ९ वॉटचा एलईडी दिवा दोन दिवस जळतो. तेव्हा दिव्यांवरून भांडू नका, गिझरचं बटण बघा. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकून २० मिनिटं कोणी फ्लश ओढू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय आणि पाणी रात्रंदिवस वाहतंय. रबर बदलायला दहा मिनिटं लागतात.

एक राहिलं. ही सगळी कामं कोण करणार ते यादीत कुठेच नाही. अशी कामं उत्साहाने तू ठरवणार आणि महिन्याभरात ती मृण्मयीच्या अंगावर पडणार, हे होता कामा नये. बादली ढवळणं आणि लंगोट धुणं तुझ्या नावावर लिही. जे तुला स्वतःला झेपणार नाही ते यादीतून काढ. पहिला महिना फक्त बादली चालव. ती वास न मारता चालली तर लंगोट.

पिल्लूला पापा, मृण्मयीला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. भोकं पाडताना बादलीच्या आतून लाकडाचा तुकडा टेकव आणि ड्रिल हळू फिरव, नाहीतर प्लास्टिक तडकतं. कडा खरखरीत राहिल्या तर पॉलिश पेपरने घास, आणि तो चुरा बादलीत पडू देऊ नको.