कुंभार्ली घाटातले झटके आणि आमचे वायरिंगवाले दादा

दादा, नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये, पण चिपळूणमधल्या ज्यांना कळायचं त्यांना बरोब्बर कळेल. तुम्हाला समोर थँक्यू म्हणलं तर तुम्ही हात पुसत "बरं बरं" म्हणून दुसऱ्या गाडीखाली शिरता, म्हणून इथे लिहितोय, सगळ्यांसमोर, आता पळता यायचं नाही.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, एरवी एकदम शहाणी. पण पावसात कुंभार्ली घाट चढायला लागलं की पोफळी सोडल्यावर कुठेतरी झटके द्यायची. तिसऱ्या गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की धक्, धक्, आणि मागे ट्रक, शेजारी आई, तिला कराडला तपासणीला न्यायचं असतं. घाट संपून हेळवाकपर्यंत पोचलो की गाडी अशी चालायची जसं काही झालंच नाही. आणि गॅरेजला नेली की तर विचारूच नका, शिवणयंत्रासारखी मऊ.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर क्लीनिंग केलं, मग फ्युएल पंप बदलला, आणि दर वेळी शेवटी बॅटरीची वायर काढून "रीसेट मारलाय सर". झटके जसेच्या तसे. शेजारपाजारचे म्हणाले ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे होतंय, पेट्रोल भरायचा पंप बदला. एकाने तर गाडीच विका म्हणून सांगितलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही बॉनेट उघडलंच नाहीत, हे मला पहिलं आवडलं. चहा सांगितलात आणि विचारत बसलात. थंड इंजिनला होतं का गरम झाल्यावर? एसी लावला की वाढतं का? उभी असताना थरथरते का? दुसरा गियर टाकला की थांबतं का? टाकी भरलेली असताना पण होतं का? झटका कसा येतो, गाडी हळूहळू दम सोडते का फटकन तुटतं नि फटकन जुळतं? मी म्हणलं फटकन. तुम्ही म्हणालात मग पेट्रोल नंतर बघू, पेट्रोल कमी पडलं तर गाडी मरगळते, असा लाफा नाही मारत, हे स्पार्कचं लक्षण आहे. आणि कुठून हवा ओढत असती तर उभ्या गाडीला जास्त त्रास झाला असता आणि रेस केल्यावर कमी, तुमचं उलटं आहे. आणि ई-ट्वेंटीवर तुमचं उत्तर तर मी सगळ्यांना सांगत फिरतोय, की पेट्रोल खराब असेल तर चारही सिलिंडर आजारी पडतील ना, आधी किती आजारी आहेत ते तर बघूया.

मग लॅपटॉप लावलात. चेक इंजिनचा दिवा पेटलेला नव्हता म्हणून बाकीच्यांनी स्कॅनर लावून "कोड नाही" म्हणून सोडून दिलेलं. तुम्ही पेंडिंग कोड बघितलात, आणि तिथे होता, पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, त्यात पेट्रोल नीट जळत नाही. तेव्हा समजावून सांगितलंत की एकदा चूक दिसली की गाडीतला कॉम्प्युटर ती पेंडिंगमध्ये टाकतो, पुढच्या वेळी गाडी चालवताना परत दिसली तरच दिवा लावतो, आणि मधे कोणी बॅटरी काढली की सगळं पुसलं जातं, फ्रीझ फ्रेमसकट. त्या फ्रीझ फ्रेममध्ये झटक्याच्या क्षणाचा आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान सगळं लिहिलेलं असतं, म्हणजे इतके दिवस आम्ही पैसे देऊन पुरावा पुसून घेत होतो. डोक्याला हात लावला मी.

मला वाटायचं कॉम्प्युटरला स्पार्क पडला का नाही ते थेट कळतं. तसं नाही म्हणालात. क्रँकच्या, म्हणजे सिलिंडर ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दातेरी चाकासमोर सेन्सर असतो, चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर ढकलतो, त्यात एकाने दांडी मारली की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो, आणि तो कोणाच्या पाळीला मंदावला त्यावरून नंबर लागतो. म्हणून कोड नुसता पत्ता सांगतो, त्या घरात कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देते ती) बिघडलीये का प्लग का इंजेक्टर का कॉम्प्रेशन ते आपण शोधायचं.

आणि मग तो स्प्रेचा पंप! कपड्यांना इस्त्री करताना मारतात तसला. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, तुमच्या पोराने क्लच अर्धवट सोडून इंजिनला जरासा लोड दिला आणि तुम्ही कॉइलवर पाण्याचा फवारा मारलात. पहिली, दुसरी, काही नाही. तिसरीवर मारला आणि गाडी धक् करून हलली, स्क्रीनवर तिसऱ्याचा मिसफायरचा आकडा पळायला लागला, बाकी तीन शून्यावर. घाटात होणारी गोष्ट तुमच्या शेडमध्ये माझ्या डोळ्यासमोर! खरं सांगतो, इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हा पण झाला नव्हता.

तिथेच नवीन कॉइल टाकून बिल फाडलं असतंत तरी मी हसत दिलं असतं. पण तुम्ही इंजिन बंद करून, सगळं सुकवून, तिसरी कॉइल पहिल्यावर लावलीत आणि पहिली तिसऱ्यावर. प्लगला हात नाही लावायचा, पोराला ओरडलात पण, एका वेळी एकच वस्तू हलवायची नाहीतर कोण चोर ते कळत नाही. परत फवारा, आणि आता पहिल्याचा आकडा पळाला. चोर कॉइलबरोबर फिरला. मधे एक जण म्हणाला ना की चालू गाडीत एकेक कॉइल उपटून बघा, आवाज बदलतो का, जुन्या गाड्यांना आम्ही तसंच करायचो. त्याला तुम्ही जे झापलंत! वीस हजार व्होल्टच्या वर जातं ते, कॉइल जाईल, कॉम्प्युटर जाईल आणि तुझा हात पण.

कॉइलखालचं ते प्लगवर चढणारं रबराचं बूट तुम्ही उन्हात धरून दाखवलंत, केसाएवढी चीर, आणि आतल्या बाजूला करड्या रंगाची बारीक रेघ. प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर पण तशीच काळी रेघ उमटायला लागलेली. तेव्हा मला घाट समजला. चढावर वरच्या गियरमध्ये कमी आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि चिरेत ओल असेल तर करंट म्हणतो तिकडे कशाला जाऊ, इथूनच इंजिनच्या बॉडीला उतरतो. दुसरा गियर टाकला की तो दाब कमी, म्हणून झटके बंद. सपाट रस्त्यावर तर प्रश्नच नाही.

तरी तुमचं समाधान नाही! पाणी तिसऱ्यावरच का येतं? वायपरखालची जाळी काढलीत तर आत आंब्याची कुजलेली पानं गच्च, पाणी जायचं भोक बुजलेलं, आणि कडेचं रबर सुटलेलं, थेंब बरोबर तिसऱ्या कॉइलच्या डोक्यावर. ते साफ केलंत, रबर बसवलंत, कॉइल बदललीत आणि प्लग चारही, कारण रेघ पडलेल्या प्लगवर नवीन बूट चढवलं तर ते पण खराब होतं म्हणे. हे कोणी सांगत नाही हो.

तपासायचे पैसे तुम्ही आधीच सांगून वेगळे घेतलेत, बरं केलंत. आमच्या लोकांना पार्टचे पैसे द्यायला काही वाटत नाही आणि शोधायचे द्यायला जिवावर येतं, मग मेकॅनिक पार्टच बदलत बसणार ना. मी तर म्हणतो अजून थोडे वाढवा.

त्यानंतर भर पावसात आईला घेऊन कराडला जाऊन आलो, मुद्दाम तिसऱ्यात चढवली, एक झटका नाही. आई झोपली होती घाटात, यात सगळं आलं. आणि तुम्ही बजावलेलं लक्षात आहे, चेक इंजिनचा दिवा नुसता पेटला तर सावकाश या, पण लुकलुकायला लागला तर पाय काढा आणि बाजूला घ्या, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भट्टीसारखा तापून फुकट जातो.

बाकी, माझ्या मेव्हण्याच्या गाडीला पण असंच काहीतरी सुरू झालंय, त्याचं मात्र उभ्या गाडीला थरथरतं आणि रेस केली की बरं वाटतं. त्याला शनिवारी पाठवतोय तुमच्याकडे. बॅटरीच्या वायरला हात लावायचा नाही असं दोनदा बजावलंय.