पेन्शन तुमची, शाळा सरकारची

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "नांदेडचे क्लासवाले पंचवीस हजार देतायत, तू त्या डोंगरात कशाला अडकून पडलीस?" त्या वेळी शेवटची एसटी गाठायची घाई होती, नीट बोलता आलं नाही. फोनवर आपलं बोलणं भलतीकडे वळतं आणि मग आईला रडू येतं. म्हणून लिहितेय.

मी इथून, या वाडीवरच्या सरकारी शाळेतून, निघणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुम्ही 1988 ला शिक्षक म्हणून रुजू झालात तेव्हा पहिल्या पगारापासून वेतनश्रेणी होती, महागाई भत्ता होता, घरभाडं होतं. त्याच पगारात तुम्ही आजीचं औषधपाणी केलं, काकाचं शिक्षण केलं. 2000 साली राज्यानं शिक्षणसेवक योजना आणली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं ठोक मानधनावर टाकली. सुरुवातीला प्राथमिकला महिना 3,000 रुपये. पुढे 6,000 झाले आणि तेवढ्यावर कितीतरी मुलांनी घरापासून लांब दिवस काढले. 1 जानेवारी 2023 पासून ते 16,000 झालं, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000. वाढ मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण तीन वर्षं पुरी झाली की याच वर्गात, हेच काम करताना माझं नुसतं मूळ वेतन 29,200 होईल, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. काम पहिल्या दिवसापासून पूर्णच आहे. पहिली ते पाचवी, दोन शिक्षकांची शाळा आणि त्यातली एक जागा रिकामी. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, पालकसभा, सगळं माझ्याकडेच. ज्या तीन वर्षांत बिऱ्हाड मांडायचं, गाडी घ्यायची, डी.एड.चं देणं फेडायचं, नेमक्या त्याच वर्षांत हात आखडता.

मग ही तफावत कोण भरून काढतं? आई, तू काढतेस. महिनाअखेरीला तू जे पाठवतेस ते बाबांच्या पेन्शनमधून येतं, आणि ती जुनी पेन्शन आहे म्हणून येतं. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना तीही नाही. म्हणजे संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीची शाळा नांदेडच्या एका निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनवर चालली आहे. बाबा, हे वाचून तुम्हाला बरं वाटेल, पण मला याचा राग येतो. ज्याच्या घरी पेन्शन नाही त्यानं काय करायचं? माझ्याबरोबर शेजारच्या केंद्रात, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटात, एक मुलगा रुजू झाला होता. आई-वडील ऊसतोडीला जाणारे, तोच घरी पैसे पाठवायचा. शिकवायचा इतका सुंदर, की मी मुद्दाम त्याचा गणिताचा तास बघायला गेले होते. पोलीस भरतीत निवड झाली आणि तो गेला. त्याच्या शाळेवर आता रोज वेगळ्याच शाळेतल्या बाई तात्पुरत्या कामगिरीवर येतात. त्याला कुणी 'टिकला नाही' म्हणालं की मला सहन होत नाही.

आणि भरती तरी कशी होते ते तुम्ही पाहिलंत. शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी 2017 ला झाली, पुढची थेट 2023 ला. भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवर 21,678 जागांची जाहिरात आली, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये पहिल्या यादीत सुमारे 11,000 उमेदवारांची शिफारस झाली. त्या मधल्या वर्षांत ज्यांची वयं निघून गेली त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. 2023 च्या जुलैत तर रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्यायचं ठरलं, महिना 20,000 वर. तुम्हालाही केंद्रप्रमुखांचा फोन आला होता. "ही जागा पोरांची आहे" म्हणून तुम्ही नाही म्हणालात, ते मी आजही इथे सगळ्यांना सांगते. पण हिशेब बघा: निवृत्त झालेल्याला 20,000 आणि त्याच फळ्यासमोर नव्यानं उभ्या राहिलेल्या मुलीला 16,000!

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. बीड, परभणी, नांदेड, कोल्हापूरकडची माणसं इथे लागतात आणि आंतरजिल्हा बदलीनं परत जातात. त्यांना दोष कसा देऊ? पावसाळ्यात पऱ्याला, म्हणजे इथल्या ओढ्याला, पाणी आलं की माझ्या वाडीचा रस्ता बंद होतो, दवाखाना दूर, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या टोकाला. शासन अशा गावांना 'अवघड क्षेत्र' म्हणतं आणि तिथे सलग तीन वर्षं काढली की बदली मागायचा हक्क देतं. किती उलटं आहे बघा. अवघड गावात राहिल्याचं बक्षीस काय, तर त्या गावातून निघून जाणं. मुलं तिथेच राहतात. माझी चौथीतली मुलगी मला पहिल्याच आठवड्यात विचारत होती, "बाई, तुमी कदी जानार?" तिनं आत्तापर्यंत सगळ्यांना जातानाच पाहिलंय.

पैसे देऊन माणूस थांबवता येतो हे शासनाला ठाऊक नाही असंही नाही. 6 ऑगस्ट 2002 चा निर्णय आहेच: आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात 'एकस्तर', म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी, शिवाय मूळ वेतनाच्या 15 टक्के प्रोत्साहन भत्ता, किमान 200 आणि कमाल 1,500 रुपये. विचार चांगला होता. पण 2002 मधले 1,500 आज किती उरले? आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या माझ्या वाडीला तेवढंही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्या, आणि अवघड शाळेत जो जितकी वर्षं थांबेल तितका त्याचा भत्ता वाढवत न्या. शाळेजवळ राहायला एक पक्की खोली द्या. मग बघा किती जण बदलीचा अर्ज भरतात.

क्लासवाल्यांचे पंचवीस हजार मला नकोत, बाबा. तिथे माझ्यासारख्या पन्नास मिळतील. इथे मी गेले तर दोन्ही जागा रिकाम्या. 2027 ला तीन वर्षं पुरी होतील, तेव्हाही मी सोप्या क्षेत्राचा अर्ज भरणार नाही. आजची पहिली-दुसरीची मुलं माझ्याच हातून पाचवीपर्यंत जावीत असं फार वाटतं.

आई, तोपर्यंत तुझे पैसे मी घेणार, संकोच न करता घेणार. पण बाबा, तुमच्या निवृत्त शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत महागाई भत्त्याच्या थकबाकीबरोबर शिक्षणसेवकांचा विषयही घ्यायला लावा. ठराव करून शिक्षणमंत्र्यांकडे पाठवा. तुमच्यातल्या किती जणांची मुलं-सुना आज मानधनावर आहेत आणि घरून त्यांना दरमहा किती जातं, तेही त्यात लिहा. मसुदा मी करून पाठवते, सह्या तुम्ही गोळा करा.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, दिवाळीला येताना आणते.

तुमची,
मनू