लायब्ररीच्या ताईंना

प्रिय ताई,

इंग्रजीत तुम्हांला आभाराचं कार्ड दिलंच आहे. पण तेवढ्याने माझं मन भरलं नाही, म्हणून माझ्या भाषेत लिहितेय.

लेक ८ वर्षांची. चित्रांची पुस्तकं संपवून जाड पुस्तकांकडे वळायच्या वेळी ती अडली. पानभर नुसता मजकूर दिसला की पुस्तक मिटायची. कॉमिक दिलं तर तासभर हलायची नाही. शाळेतल्या बाईंनी ते वाचनात धरलंच नाही. ‘खरं पुस्तक आण’ म्हणाल्या, तेही सगळ्या वर्गासमोर. अजून आठवलं की जीव तुटतो. आणि घरी मीही तेच म्हणत होते, चित्रं बघत बसू नकोस, वाच.

तिच्या कानातलं मशीन तुम्ही पाहिलं असणार. त्याबद्दल अवाक्षर न काढता सीसी बेल यांचं ‘एल डेफो’ हे कॉमिक तिच्या हातात ठेवलंत. लहानपणी मेनिंजायटिसमुळे ऐकू येणं गेलेल्या लेखिकेची स्वतःची गोष्ट. माणसं सशांच्या रूपात, पण शाळा, मैत्रिणी, रुसवेफुगवे सगळं खरं.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, तर ही पुस्तक घेऊन आली. ‘आई, हे बघ.’ मशीनची बॅटरी उतरते तशी चित्रातल्या बोलण्याच्या फुग्यातली अक्षरं फिकट होत जातात, शेवटी फुगा कोराच. ‘मला अस्संच होतं.’ इतकी वर्षं तिच्या कानांचे आलेख बघतेय मी, पण तिचं न ऐकू येणं मला त्या कोऱ्या फुग्यात पहिल्यांदा दिसलं.

पुस्तक परत करताना तिनं हळूच विचारलं, ‘हे धरतात का?’ तुम्ही काहीच बोलला नाहीत. शिसपेन समोर होती, ती बाजूला सारून पेन घेतलंत. तिच्या सुट्टीतल्या वाचनाच्या तक्त्यात पुस्तकाचं नाव लिहिलंत, शेवटचं पान उघडून पानांचा आकडाही टाकलात. दोनशेच्या वर! तो आकडा ती बोटाने गिरवत राहिली.

या पुस्तकाला २०१५ साली न्यूबेरी ऑनर मिळालाय, म्हणजे अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांना मिळणाऱ्या न्यूबेरी पदकाच्या खालोखालचा मान. २०२० साली तर न्यूबेरी पदकच एका ग्राफिक कादंबरीला, म्हणजे कॉमिकसारख्या चित्रांतून सांगितलेल्या कादंबरीला मिळालं. जाणकारांनी कधीचं धरलं होतं, माझ्या लेकीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. लहान मुलाचा प्रश्न एवढा मनावर घेणारी माणसं किती थोडी भेटतात हो!

तक्ता फ्रिजवर लावलाय. खाली तिनं आणखी तीन नावं लिहिलीत, पेनाने.

तुमची ऋणी,
तिची आई