तिकीट परतीचंही काढ

भुसावळ, शनिवार रात्री

बाळा,

सकाळी तू फोन केला आणि मी "आता नाही, नंतर" म्हणून कट केला त्याचा तुला राग आलाय हे मला कळलं, कारण दुपारपासून मी तीनदा लावला तर तिन्ही वेळा सूनबाईनेच उचलला. अरे गॅसवर कागद चिकटवायची खळ होती. मैद्याची खळ जरा नजर हटली की बुडाला लागते, आणि लागलीच, पातेलं अजून मोरीत भिजत पडलंय. दुसऱ्यांदा केली तेव्हा चिमूटभर मोरचूद टाकलं म्हणजे झुरळं कागद खात नाहीत, आणि हो, हात साबणाने धुतले, ते पातेलंही वेगळंच ठेवलंय, तू विचारायच्या आधीच सांगते.

तू परवा म्हणाला ना, की आई तू तिथं एकटी दिवसभर काय करते, घर बंद कर आणि पुण्याला ये कायमची. तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून आजचं सांगते, लांबलं तर लांबू दे, जेवताना वाच.

साडेसहाला समोरच्या काकू दारात, "काय करू राह्यली वं ताई?" म्हणजे काहीतरी हवंय. चार दिवस खोकताय बिचाऱ्या. कुंपणाचा अडुळसा तोडून दिला, तुला आठवतं का, त्याला शेळी पण तोंड लावत नाही म्हणून तर पप्पांनी लावला होता. पानं धुऊन, आलं आणि ज्येष्ठमधाची कांडी टाकून पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, मध घालायचा तो कोमट झाल्यावर. लोकं याला झाडपाला म्हणून हसतात पण खोकल्याच्या सिरपमधलं ब्रोमहेक्झिन आहे ना, ते याच अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून काढलेलं आहे. काकू खूश झाल्या आणि म्हणे लेकीलाही थोडा पाठवते, तिलाही खोकला आहे. लेक पाचव्या महिन्यात! मी हातातली पानंच परत घेतली. अडुळशाने गर्भाशय आवळतं, पोटुशीला अजिबात नाही. डॉक्टरला दाखवा म्हटलं. आणि काकूंनाही सांगितलं की दोन आठवडे उलटून खोकला राहिला तर काढा बिढा काही नाही, सरळ थुंकी तपासायची. एवढी वर्षं वॉर्डात काढली, तेवढं तर कळतं. झाडपाल्यावर माझा विश्वास आहे, पण आंधळा नाही.

मग नऊला चर्चच्या तरुण संघाची पोरं आली नाताळची चांदणी करायला. चर्चच्या मनोऱ्यावर लावायची, पप्पा गेल्यापासून बाजारातली प्लॅस्टिकची आणून टांगायचे, यंदा मी पास्टरसाहेबांना म्हटलं की मला माहितीये कशी बांधायची, फक्त वर चढायला कोणी द्या. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या होत्या, रात्रभर टाकीत भिजवल्या म्हणजे वाकवताना मोडत नाहीत. पोरांना वाटलं एक चांदणी बांधली की झालं. नाही रे! पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या, सारख्या मापाच्या, एकीवर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने घट्ट बांधायची, आणि मग आत जिथे कामट्या एकमेकींवरून जातात तिथे वीतभर लांबीचे पाच तुकडे उभे कोंबायचे. ते कोंबले की चपटी चांदणी अशी पोट फुगवून उभी राहते ना, पोरं ओरडलीच. मला एकदम पप्पांचे हात दिसले, रेल्वेच्या शेडमधून आलेले, नखात ग्रीस तसंच, आणि तू पतंगाचा कागद धरून उभा. एक तुकडा आखूड पडला माझ्याकडून, त्यामुळे एक टोक जरा बसकं आहे. वर गेल्यावर कोणाला दिसणार नाही, पण मला दिसेल.

बाराला बँक. पासबुकाचं मशीन बंद. जाऊ दे.

तिथून काष्ठौषधीवाल्याकडे गेले, कारण संडे स्कूलच्या नाताळच्या नाटकाला मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या, हातात दरवर्षी पावडरचे डबे देतात, ते मला आवडत नाही. म्हटलं सोन्याच्या जागी पितळी भांडं चालेल, पण ऊद आणि गंधरस तरी खरे असू दे, पोरांनी वास घेऊ दे. ऊद पटकन दिला त्याने. गंधरस म्हटल्यावर बघतच राहिला. मग मी म्हटलं हिराबोळ हो भाऊ, तर लगेच मागची बरणी काढली आणि विचारतो, "ताई, घरात बाळंतीण आहे का?"

मी तिथेच हसले. कारण खरंच तर आहे, हिराबोळ आपल्याकडे बाळंतिणीलाच देतात. तसे लालसर तपकिरी खडे, वरून धूळ बसल्यासारखे, दाताखाली धरला तर कडू जहर. दुपारी तालमीत तिसऱ्या मागीला खडा हातात दिला, नऊ वर्षांचं पोरगं, वास घेऊन म्हणतं, "आजी, हे तर मेलेल्याला लावतात ना, बाळाला कोण देतं असं गिफ्ट?" संडे स्कूलमध्ये सगळं शिकवलेलं लक्षात ठेवतात ही पोरं. मी म्हटलं अरे मरीया तर ओली बाळंतीण होती, कोणी म्हातारी असेल त्या मागींच्या घरात, तिनेच बांधून दिलं असेल. पास्टरसाहेब मागे उभे होते, काही बोलले नाहीत, हसले मात्र.

थोडा जास्तीचा घेतलाय सूनबाईसाठी. पण नीट ऐक, आत्ता नाही. दिवस असताना बोळ पोटात जायला नको, हळीवही नको. दोन्ही नंतर, आणि तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारूनच. आत्ता पाय दुखतात म्हणते ना, तर कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बस म्हणावं, आणि सूज चेहऱ्यावर-हातावर आली किंवा डोकं ठणकलं तर रात्र असली तरी बीपी बघायला घेऊन जायचं, मला फोन करत बसायचं नाही.

येताना गिरणीवर कळणा दळून आणला, चार वाटे ज्वारी एक वाटा सालीचे उडीद आणि मीठ, तुझ्यासाठी. तिकडच्या पिठाच्या भाकरीला तू नावं ठेवतो ते मी विसरलेली नाही. बामणोदची भरताची वांगी पण मिळाली तर आणीन, तू तुराट्या कुठून आणशील पुण्यात ते तू बघ, गॅसवर भाजलेलं भरीत मी खात नाही.

आणि आता हे लिहून राहिले तर मांडीवर गोधडी आहे. आत माझी दोन लुगड्यांसारखी मऊ झालेली कॉटनची पातळं, वरून तुकडे. मधोमध पप्पांचा खाकी शर्ट लावला. सूनबाईला वाटेल बाळाच्या गोधडीत खाकी कशाला, तिला म्हणावं धुऊन धुऊन तो आता पिठाच्या रंगाचा झालाय. खिसा उसवायला घेतला होता, मग उसवलाच नाही, तसाच ठेवून चारी बाजूंनी धावदोरा घातला. बटण काढून टाकलंय, बाळ तोंडात घालेल म्हणून. अजून हातभर काठ राहिलाय, डोळे चुरचुरताय, उद्या उपासनेनंतर बसेन.

तर येते मी. महाराष्ट्र एक्सप्रेसचं काढ, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातलं, लोअर बर्थ, बाळंतपण होऊन सव्वा महिना पूर्ण करेन, अंघोळ, शेक, लाडू सगळं माझ्याकडे. पण परतीचंही काढ. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारच्या, आधीचं पाहिजे, महिला मंडळात यंदा झावळ्या आणायचं माझ्याकडे दिलंय आणि मी हो म्हणून बसले आहे. साठ दिवस आधी रिझर्वेशन उघडतं, परतीचं आत्ता निघणार नाही हे मला माहितीये, रेल्वेवाल्याची बायको आहे मी. मोबाईलमध्ये आठवण लावून ठेव.

सूनबाईला सलाम सांग.

तुझी आई

ता. क. रात्री चांदणीत बल्ब लावून बघितला पोरांनी. बसकं टोक दिसतं.