चावऱ्या कुत्र्याचा अर्ज प्रांतांकडे करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून मी लोकांचे अर्ज लिहून देते. वारसनोंद, सातबारा, वहिवाटीची वाट ही नेहमीची कामे. हल्ली कुत्रा चावल्याच्या तक्रारी घेऊनही माणसे येतात आणि कोणाच्या नावाने अर्ज करायचा, हेच त्यांना ठाऊक नसते.

आमच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या मंडळींनी बंगले बांधलेत. चिऱ्याचा गडगा, लोखंडी गेट आणि राखणीला रॉटवायलरसारखा दांडगा कुत्रा. मालक गणपतीला आणि शिमग्याला येणार, एरवी कुत्रा गड्याच्या भरवशावर. गडी बाजारात गेला की गेट सताड उघडे. बंदरावरून मासळीची पाटी घेऊन वाडीत येणाऱ्या एका मावशींना अशाच कुत्र्याने पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) पाडले आणि दंडाचा लचका तोडला. एवढ्या खोल जखमेला नुसती लस पुरत नाही, जखमेत रेबीजविरोधी सीरमही द्यावे लागते. त्यासाठी गाडी करून जिल्ह्याच्या गावी जावे लागले. हात बरा होईपर्यंत धंदा बंद. पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून कागद हातात दिला. कुत्रा आजही मोकळा असतो आणि शाळेची पोरे त्याच पाखाडीने जातात.

खरे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा दखलपात्र गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो एनसीवर भागवता येत नाही. पण समजा गुन्हा नोंदला गेला, मालकाने दंड भरला, तरी कुत्रा तिथेच राहतो. मावशींना हवे आहे ते कुत्र्याला बांधून घालणे.

तो अधिकार जिल्हाधिकारी आणि प्रांत (उपविभागीय दंडाधिकारी) यांना आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 152. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 होते. पडायला आलेले झाड, पडकी भिंत, अडवलेला रस्ता यासाठी ते लोकांना माहीत आहे. त्याच यादीत धोकादायक प्राणीही आहे. पोलिसांच्या अहवालावरून किंवा अन्य माहितीवरून प्रांत मालकाला सशर्त आदेश काढू शकतात: प्राणी कोंडून ठेवा, त्याची विल्हेवाट लावा, अगदी नष्ट करा. मालकाला हजर राहून हरकत घेता येते, म्हणजे त्याच्यावरही अन्याय होत नाही. दुसरा चावा होईपर्यंत थांबण्याची अट या कलमात कुठेही नाही.

कुत्र्याच्या जातीवरून वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदीचे पत्र काढले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. अंगावर धावून जाणारा कुत्रा कोणत्या जातीचा, याने मावशींच्या दंडाला काय फरक पडतो?

भटक्या कुत्र्यांची वाट वेगळी. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रेबीज नसलेला पण चवताळणारा कुत्रासुद्धा दहा दिवस देखरेखीत ठेवून परत सोडला जायचा. 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्रे परत सोडू नयेत असे सांगितले, आणि 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानकांतून कुत्रे हलवण्याचा आदेश दिला. हलवून ठेवायचे कुठे, हा ग्रामपंचायतींपुढचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी जिल्हा परिषदेने तालुक्याला एक तरी निवारा बांधलाच पाहिजे.

सरळ वाट माहीत नसली की लोक भाकरीतून विष घालतात. भलतेच गरीब कुत्रे तडफडून मरते आणि घालणारा न्याय संहितेच्या कलम 325 खाली अडकतो, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मला याचे फार वाईट वाटते.

म्हणून सरपंच आणि पोलीस पाटील यांना कळकळीची विनंती: माणूस तक्रार घेऊन आला तर त्याला प्रांतांकडे पाठवा आणि पोलीस पाटलांनी आपला अहवालही जोडावा. अर्जासोबत रुग्णालयाचा केसपेपर, लसीचे कार्ड, जखमेचा आणि उघड्या गेटचा फोटो, आधी कोणाला चावा झाला असल्यास त्यांचे जबाब, आणि मिळाला तर ग्रामसभेचा ठराव लावावा. नमुना मी तयार ठेवला आहे. या अर्जाची लिहिणावळ मी घेत नाही.

– एक अर्जलेखिका, जि. रत्नागिरी