टायर का फुटला, हे टायरच सांगतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपल्या अंकात येतात आणि शेजारी एक चौकट असते. सिमेंटचा रस्ता तापतो, टायरमधली हवा फुगते, म्हणून उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा, असे तिच्यात सांगितलेले असते. हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. म्हणून हे पत्र.

मी टायर कंपनीत क्लेम इन्स्पेक्टर होतो. मराठवाडा आणि विदर्भातल्या डीलरांकडे फुटलेले, फाटलेले, फुगलेले टायर परत यायचे. ते उलटसुलट करून, आत बॅटरीचा उजेड टाकून दोष कारखान्याचा की वापरण्यातला, हे ठरवणे माझे काम. त्याआधीची काही वर्षे कारखान्याच्या प्रयोगशाळेत रबराच्या पट्ट्या ओढून तोडण्यात गेली. रबर कसे वागते ते मी तिथे शिकलो आणि कसे मरते ते डीलरच्या गोदामात पाहिले.

आधी हवेचा हिशेब. सकाळी 27 अंशांना 32 पॉइंट हवा भरलेला टायर धावून 77 अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब 40 च्या आसपास जातो. धडधाकट टायर याच्या कित्येक पट दाब सोसेल असाच बांधलेला असतो. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा थंड टायरसाठी असतो आणि धावताना दाब वाढणार हे त्यात धरलेले असते. नुसत्या फुगलेल्या हवेने फुटलेला चांगला टायर मला कधी पाहायला मिळाला नाही. हवा कमी ठेवून चालवलेले टायर मात्र ढिगाने पाहिले. त्यांची ओळख सोपी असते: साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूच्या, आतल्या अंगाला गोल फिरलेला काळपट पट्टा, आणि हात घातला की मुठीत येणारा रबराचा भुगा.

असे का होते? रबर वाकवले आणि सोडले तर वाकवायला लावलेली सगळी शक्ती परत मिळत नाही. थोडी आतच राहते आणि तिची उष्णता होते. साध्या मोटारीचे चाक ताशी 120 किलोमीटर वेगाला सेकंदाला सतरा-अठरा फेरे मारते, आणि प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग जमिनीला लागताना एकदा वाकून सरळ होतो. नागपूर ते शिर्डी या 520 किलोमीटरमध्ये हे पावणेतीन लाखांच्या आसपास वेळा घडते. हवा कमी असेल तर दर वेळी वाकणे जास्त, म्हणजे उष्णता जास्त. शिवाय रबर उष्णतेचे चांगले वाहक नाही, आत झालेली उष्णता चटकन बाहेर पडत नाही. जुन्या रस्त्यांवर गावे, फाटे, गतिरोधक, रेल्वे फाटक यांमुळे टायरला निवायला वेळ मिळायचा. समृद्धीवर तो मिळत नाही. दोष सिमेंटला द्यायचा तर तो एवढाच की तो रस्ता अखंड आणि वेगाचा आहे. उन्हात डांबरापेक्षा सिमेंटचा पांढुरका पृष्ठभाग सहसा कमीच तापतो.

पण माझे खरे म्हणणे हवेच्याही पुढचे आहे. ते टायरच्या वयाचे आहे.

रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकमेकांवर तिरके बसवलेले असतात. तारांवर पितळेचा मुलामा असतो आणि गंधक घातलेले रबर त्या पितळेला घट्ट धरते. पट्ट्याच्या कडेला तार जिथे कापली जाते, त्या टोकावर मुलामा नसतो. टायरमधली सगळ्यात नाजूक जागा हीच. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर किंचित सरकतात आणि त्यांच्यामधल्या रबराला पीळ बसतो. रबर ताजे असेल तोवर ते हा पीळ झेलते. पण टायर आतल्या अंगाने म्हातारा होत असतो. आतली हवा दाबाखाली असल्यामुळे तिच्यातला प्राणवायू हळूहळू रबरात शिरत राहतो, रबर कडक होते, आधीइतके ताणले जात नाही आणि शेवटी पट्टा सुटतो. प्रयोगशाळेत आम्ही तेच लवकर घडवून आणायचो. रबराच्या पट्ट्या 70 अंशांच्या भट्टीत आठवडाभर ठेवायच्या आणि मग यंत्रावर ओढायच्या. मूळ लांबीच्या पाच पट ताणली जाणारी पट्टी भट्टीतून निघाल्यावर बरीच आधी तुटायची. ढोबळ मानाने तापमान दहा अंश वाढले की हे म्हातारपण दुप्पट वेगाने येते. महाबळेश्वरच्या आणि चंद्रपूरच्या टायरचे वय म्हणूनच सारखे मोजता येत नाही.

हे बाहेरून दिसत नाही, हीच अडचण आहे. गाडी कमी चालते, टायरवर नक्षी भरपूर आहे, म्हणजे टायर उत्तम, असा समज आहे. डॉक्टरांची घर ते दवाखाना एवढीच धावणारी गाडी, गावच्या शाळेची बस, वर्षानुवर्षे डिकीत पडलेली स्टेपनी या सगळ्यांवर नक्षी असते. परिवहन विभागाने 2023 च्या उन्हाळ्यात समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासले, गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. फार चांगले काम झाले. पण नक्षी पाहून झीज कळते, वय कळत नाही.

वय टायरवरच लिहिलेले असते. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे असतात. 3519 म्हणजे 2019 सालचा पस्तिसावा आठवडा. कधी कधी हे आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी गाडीच्या आत असते, तेव्हा खाली वाकून पाहावे लागते.

या चार आकड्यांनी काय होऊ शकते ते ब्रिटनने पाहिले आहे. सप्टेंबर 2012 मध्ये एका संगीत महोत्सवातून तरुण मुलांना परत घेऊन येणारी बस सरे परगण्यात पुढचा टायर फुटून झाडावर आदळली आणि तिघे गेले. त्यातला मायकेल मलॉय 18 वर्षांचा होता. चौकशीत टायरवरची तारीख वाचली गेली तेव्हा तो टायर 19 वर्षांहून जुना निघाला, मुलापेक्षा वयाने मोठा. नक्षी कायद्यात बसत होती. त्याची आई फ्रान्सिस मलॉय वर्षानुवर्षे सरकारच्या मागे लागली आणि 1 फेब्रुवारी 2021 पासून ट्रक व बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला तिथे बंदी आली. टायरची तारीख त्या चौकशीत कुणी वाचलीच नसती, तर आईने लढायचे कशाच्या जोरावर?

अमेरिकेत फायरस्टोन या टायर कंपनीने ऑगस्ट 2000 मध्ये 65 लाख टायर परत बोलावले. पट्टा सुटल्याने तिथे 271 माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. तक्रारी कारखान्यांनुसार वेगळ्या करून पाहिल्या तेव्हा इलिनॉय राज्यातल्या डेकेटरच्या एकाच कारखान्याकडे बोट गेले आणि उष्ण राज्यांतच अपघात जास्त असल्याचेही उघड झाले. कोणता टायर, कुठला, कधीचा, याची नोंद नसेल तर असे बोट दाखवता येत नाही.

आपल्याकडे माझ्या पाहण्यात आलेल्या पंचनाम्यांत 'पुढील डाव्या बाजूचा टायर फुटल्याने वाहन अनियंत्रित होऊन' एवढेच वाक्य असते. टायर कधीचा, हे नाही. उरलेल्या तीन टायरांत हवा किती होती, हेही नाही. खरे तर त्या तिघांवरून मालक हवा कशी ठेवायचा ते लगेच कळते. फुटलेला टायर चार दिवसांत भंगारवाल्याकडे जातो आणि आपण उन्हाला दोष देऊन मोकळे होतो. कधी कधी तर टायर फुटलेलाच नसतो. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 जण गेले, तेव्हा चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन विभागाने जागा पाहिली, तर रबराचे तुकडे नाहीत की टायरच्या खुणा नाहीत. कोणीतरी पाहायला गेले म्हणून ते कळले.

टायर खोटे बोलत नाही. पट्टा महिनोन्‌महिने सावकाश सुटत आला असेल तर सुटलेल्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. दगडावर किंवा खड्ड्यात आदळून फाटला असेल तर आतले धागे इंग्रजी एक्ससारखे तुटलेले दिसतात. हे ओळखायला दोन तासांचे शिक्षण पुरते. अधिक खोलात जायचे तर रबर तपासणारी सरकारमान्य संस्था ठाण्यात वागळे इस्टेटमध्येच आहे.

गृह आणि परिवहन या दोन्ही खात्यांकडे माझी मागणी आहे की टायर फुटल्याचा उल्लेख असलेल्या प्रत्येक पंचनाम्यात चारही टायरांचे ते चार आकडे आणि शाबूत टायरांतली हवा लिहावी, आणि जीव गेला असेल तर फुटलेला टायर मुद्देमाल म्हणून जपून ठेवावा. आपल्या वार्ताहरांनीही घटनास्थळी गेल्यावर हे आकडे टिपावेत आणि छापावेत. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी हाती आल्या तरी वयाचा दोष किती आणि हवेचा किती, हे कळू लागेल. त्या हवा कमी ठेवण्याच्या चौकटीची दुरुस्ती मात्र उन्हाळा संपायच्या आत छापावी.

जालना ते मेहकर पट्ट्यातल्या कोणत्याही पोलीस ठाण्याने बोलावले, तर फुटलेला टायर कसा वाचायचा ते दाखवायला मी स्वखर्चाने येईन. माझा पत्ता आणि फोन नंबर आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपला,
एक निवृत्त क्लेम इन्स्पेक्टर, जालना